काहिलीवर चढलेला खून

माझ्या मामाच्या गुऱ्हाळावर एक खून झाला होता. प्रेत बंद खोलीत सापडलं, खोलीला आतून कडी, आणि खुनी कोण हे कळेपर्यंत चार बैल, दहा-बारा माणसं आणि काहीलभर उसाचा रस जागच्या जागी खोळंबून राहिला. खोटं वाटत असेल तर कोल्हारला जाऊन विचारा. तिथलं कुणी वेगळं सांगितलं तर समजा त्याला नीट सांगता येत नाही.

दिवस लढाईचे होते. साखर रेशनवर गेली होती, त्यामुळे गुळाला असा भाव चढला होता की पाहुणा आला की त्याला आधी गुळाचा खडा दाखवायचे, मग तो खडा आत नेऊन ठेवायचे आणि नुसता चहा द्यायचे. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकत होतो. नाताळच्या सुट्टीत मामाकडे निघालो तेव्हा वाचनालयातून एक रहस्यकथा घेतली. कव्हरवर काळ्या हातमोज्यातला एक हात, हातात सुरा, सुऱ्यावरून टपकणारे लाल थेंब. लढाईच्या टंचाईत कागद इतका पातळ वापरलेला की पुढच्या पानावरचा खून मागच्या पानावर अगोदरच दिसायचा. कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार चढ आला की दम टाकायची आणि आम्ही उतारू खाली उतरून तिला ढकलायचो. अशा दोन ढकलण्यांच्या मधल्या वेळात माझं पहिलं प्रकरण वाचून झालं. पुढचं वाचायला जीव तुटत होता, पण कोल्हार आलं.

मामाचा मळा प्रवरेच्या काठी. गुऱ्हाळ ऐन भरात होतं. चरकाला दोन बैलजोड्या, एका अंगाला उसाच्या मोळ्या, दुसऱ्या अंगाला रस, आणि मधोमध भल्यामोठ्या चुलवणावर चढवलेली, रस आटवायची काहील. ही काहील एवढी मोठी होती की एकदा तिच्यात पडलेली म्हैस पोहत पलीकडच्या काठाला लागली, असं मामा सांगायचा. मी स्वतः म्हैस पाहिलेली नाही. काठ पाहिला आहे.

काहिलीचे राजे म्हणजे चाचा. गुळव्या म्हणून त्यांचं नाव राहुरी तालुका ओलांडून शेवगावापर्यंत गेलेलं. पांढरी दाढी, डोक्याला मुंडासं, हातात बापाच्या वेळचा पितळी झारा. चाचा नुसत्या वासावर गूळ पाडायचे. रसाच्या वाफेवरून ते उसाची जात सांगत, शेत सांगत, आणि त्या उसाला पाणी देताना मालक बायकोशी भांडला होता की नाही तेही सांगत. त्यांच्या हातची काहील आजवर करपली नव्हती. पण त्या साली देवळालीकडचा एक तरणा गुळव्या बाजारात बोलून गेला होता, "चाचांचं नाक गेलं आता. औंदा करपनार." हे चाचांच्या कानावर आलं. भर बाजारात उभे राहून त्यांनी झारा वर धरला आणि म्हणाले, "माज्या हातची काहील बिघडली, तर ह्यो झारा प्रवरेत टाकीन आन पुन्यांदा गुऱ्हाळाची पायरी चढनार न्हाई."

तेव्हापासून मामा काहिलीभोवती घिरट्या घालायचा. चाचा गेले तर त्याचं गुऱ्हाळ गेलं. दुसऱ्याच्या हातचा गूळ त्याला ढेकळासारखा लागायचा.

चाचांच्या खालोखाल माणूस म्हणजे तात्या. चुलवणाच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारायची, जाळ हवा तसा ठेवायचा, हे त्यांचं काम. तात्या ठार बहिरे. कुठल्याशा वरातीत त्यांच्या कानाशी दारूकाम उडालं, आणि तेव्हापासून त्यांना काही म्हणजे काही ऐकू येईना. चाचा त्यांना हातवाऱ्यांनी सांगायचे. झारा वर केला की जाळ वाढवायचा, खाली केला की कमी. लोक हळहळत. मात्र तात्यांची बायको मी एकदा ऐकली (पाहिली असं म्हणत नाही, ऐकलीच) आणि मला वाटलं, त्या दारूकामाचे तात्यांवर उपकारच झाले. बाईंनी घरातून नवऱ्याला हाक मारली की नदीपलीकडच्या लोकांची गुरं घरी परतायची.

आता मामाचा एक रिवाज सांगायचा राहिला, आणि सगळं रामायण तिथेच आहे. गुऱ्हाळ चालू असेतो तो तिथे पोथी वाचून घ्यायचा. काम करणाऱ्यांच्या कानावर चार चांगले शब्द पडावेत म्हणून. पण त्याचा दंडक असा, की पोथीतला माणूस संकटात असताना पोथी मिटायची नाही. राजा अरण्यात वाट चुकलाय, राणी राक्षसाच्या कैदेत आहे, आणि तुम्ही खुशाल पोथी बांधून भाकरी खायला जाता? तो बिचारा रात्रभर तिथेच अडकून पडायचा! त्याला सोडवा, घरी पोचवा, मग मिटा. पोथ्या लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असावं. ते बरोबर जेवणवेळेच्या सुमाराला देव धाडायचे.

मी गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पोथी वाचणाऱ्या बुवांची दाढ सुजली. गाल एवढा फुगला की बुवांना त्याच्यापलीकडची पोथी दिसेना. मामा माझ्याकडे वळला.

"भाचेबुवा, तुमी वाचा. इंग्रजी शाळंत काय माशा मारता?"

"मामा, बुवांची पोथी मला चालीवर म्हणता येत नाही. माझ्याजवळ एक पुस्तक आहे, पण त्यात देव नाहीत."

चरक करकरत राहिला. काहिलीवरून चाचांनी विचारलं, "देव न्हाई? मंग मानूस संकटात पडल्यावर सोडवतो कोन?"

"गुप्तहेर."

"त्यो काय करतो?"

"वेष पालटून येतो. कुणाच्या मनात काय आहे ते ओळखतो. शेवटी दुष्टाला धरतो."

"मंग झालं की! अवतारच म्हनायचा," चाचा म्हणाले. "वाचा, भाचेसाब."

मामी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. पोथी सुरू करताना ती पूजायची असते. कव्हरावरचा हात बघून ती दचकली. "अगं बया, रगात!" मग थोडा विचार करून तिने सुऱ्याच्या टोकाला कुंकू लावलं. "देवीच्या हातातबी असतंच की," ती म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले आणि मी खुनाला आरंभ केला.

पहिलं प्रकरण सुखरूप गेलं. समुद्रकाठच्या बंगल्यात एक रावबहादूर आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेले सापडतात, एवढंच त्यात होतं. मेला तो सुटला, त्याला कसलं संकट, असं मामाने ठरवून टाकलं. पण दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी रावबहादुरांच्या मुलीला कुणीतरी पेटीत कोंडून घातलं, वरून कुलूप लावलं, आणि प्रकरण संपलं. मी पुस्तक मिटलं.

"हां हां हां!" मामा ओरडला. "पोरगी पेटीत, आन तू मिटतोस?"

"प्रकरण संपलं, मामा."

"मानूस गुदमरंल का न्हाई तिच्यायला! उघड!"

मी पुढचं प्रकरण उघडलं. मुलगी पेटीतून निघाली, दोन पानं मोकळ्या हवेत हिंडली, आणि प्रकरण संपता संपता तिला कुणीतरी रेल्वेच्या रुळांना बांधलं. समोरून गाडी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कुठे सापडलोय. या पुस्तकात एकही प्रकरण असं नव्हतं की ज्याच्या शेवटी कुणी नीट बसून चहा पीत आहे. लेखकाने रचनाच अशी केली होती की वाचकाला पान उलटावंच लागावं, आणि मामाचा दंडक असा की पान उलटल्याशिवाय उठताच येऊ नये. नगरच्या वाचनालयात हे पुस्तक लोक झोपून वाचत. माझ्यावर ते गुऱ्हाळाच्या मधोमध, उकळत्या रसाशेजारी, एका बैठकीत संपवायची वेळ आली.

दुपार झाली. कुणी भाकरी खायला हललं नाही. मामी माझ्या घशात दर प्रकरणाला आल्याचा रस ओतत होती. माझा आवाज जाईल या भीतीने मला थुंकायलासुद्धा परवानगी नव्हती. बैलांचं तर विचारू नका. प्रकरण संपलं की चारही बैल उभे राहायचे, आणि मी पुढचं वाचायला लागलो की आपण होऊन चालायचे. त्यातला एक तांबडा बैल पुस्तकातल्या डॉक्टरचं नाव आलं की शेपूट झाडायचा. मी म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका, पण चाचांनीसुद्धा ते पाहिलं.

कारण चाचांचा डॉक्टरवरच संशय होता. "जो बाटलीत रंगीत पानी भरतो त्यो कायबी करंल."

"रावबहादुराचा पुतन्या," मामा म्हणाला. "पुतन्याबिगर दुसरं कोन न्हाई." मामाचा स्वतःच्या पुतण्याशी बांधावरून वाद चालू होता.

"आदी त्यांच्या सैपाकघरात कोन हाय ते सांगा," मामी म्हणाली. "खून हितनंच निघतो."

तेवढे आंधळे सतारमास्तर सगळ्यांना आवडले. मुलीला सतार शिकवायला येणारे, काठी टेकत चालणारे, गरीब. बंगल्यात एकाएकी अंधार झाला आणि जो तो धडपडायला लागला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दिवा गेला वाटतं!" तेव्हा मामीने डोळे पुसले. "बिचारं! त्याला सगळा अंधारच. भाचेबुवा, असल्या मानसाला गूळ दिला तर त्यो काय मोजून द्यायचा?"

मध्येच तात्यांची बायको भाकरी घेऊन आली. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी मुलीला विमानातून खाली लोटलं. बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्या डोक्यावरच्या पाटीसकट खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्या तालुक्यात एवढी शांतता त्या जन्मल्यापासून झाली नव्हती.

एकच गोष्ट जरा विचित्र होती. मुलगी संकटात आली की चुलवणात जाळ भडकायचा, आणि सुटली की बसायचा. चाचा झारा वरखाली करून वैतागले. "आज जाळाला झालंय काय? वारं तर न्हाई." तात्यांकडे पाहून त्यांनी खूण केली. तात्यांनी कानामागे हात नेला, "आं?" म्हणाले आणि पुन्हा चिपाडं सारायला लागले.

ऊन कलतं झालं तेव्हा दिवसाची शेवटची काहील चढली होती आणि शेवटचं प्रकरण लागलं होतं. मुलगी पाण्याच्या बंद हौदात, नळ चालू, पाणी गळ्यापर्यंत. इकडे दिवाणखान्यात गुप्तहेराने सगळ्यांना जमवलेलं. पुतण्या, डॉक्टर, स्वयंपाकी, काठी घेऊन कोपऱ्यात बसलेले सतारमास्तर. गुप्तहेर म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे."

चरक थांबला. बैल थांबले. चाचा झारा हवेत धरून उभे राहिले, आणि त्यांचं ते प्रसिद्ध नाक काहिलीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. काहिलीत फेस बसून जाड बुडबुडे फुटायला लागले होते. थप्प, थप्प. हा आवाज म्हणजे हीच घटका. आता पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते पाहायचं आणि काहील उतरवायची. थोडा वेळ गेला की करपली. हे तिथल्या पोराटोराला ठाऊक होतं, आणि त्या वेळी तिथे ते एकाच्याही डोक्यात नव्हतं.

मी वाचत होतो. गुप्तहेर बोलत बोलत टेबलापाशी गेला. टेबलावर मोसंब्यांची परडी. एक मोसंबं त्याने उचललं, हातात खेळवलं, आणि एकदम कोपऱ्यात सतारमास्तरांच्या तोंडावर फेकलं.

सतारमास्तरांनी ते झेललं.

चुलवणाच्या तोंडाशी एक माणूस ताडकन उठला, हातातलं चिपाड जमिनीवर आपटलं आणि ओरडला, "तवाच म्हनलं मी! आंधळ्याला दिवा गेल्यालं कसं कळलं? तवाच म्हनलं!"

तात्या!

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहत राहिलो. तात्याही आमच्याकडे पाहत राहिले. मग हळूच त्यांनी कानामागे हात नेला आणि म्हणाले, "आं?"

पण आता उशीर झाला होता. त्यांची बायको खांबापासून सुटली, त्यांच्याजवळ आली, आणि जन्मात पहिल्यांदा एवढ्या हळू आवाजात बोलली की मला शेजारी असून कसंबसं ऐकू आलं. "घरी चला. मंग सांगते."

तात्यांचा चेहरा चिपाडासारखा पांढरा पडला.

त्याच वेळी मामाने किंकाळी फोडली. "काहील!"

चाचा वळले. आम्ही सगळे नाकाला पदर, धोतर, जे हाती लागेल ते लावून करपल्याच्या वासाची वाट पाहत उभे. वास येईना. चाचांनी चुलवणात वाकून पाहिलं. आत थोडे निखारे आणि राख. मोसंबं हवेत असताना तात्यांच्या हातातलं चिपाड हातातच राहिलं होतं, आणि त्याच्या आधी कितीतरी पानं. ते ऐकत बसले होते! गुळव्या विसरला, पण जाळवालाही विसरला, म्हणून काहील वाचली.

"जाळ!" चाचा गरजले. बाईंनी तात्यांचा हात धरला होता. "वैनी, ह्यांचा कान मला घटकाभर द्या. मंग तुमचाच हाय."

तात्यांनी पुन्हा जाळ केला. या खेपेला चाचा पुस्तकाकडे पाठ करून उभे राहिले. गोळी वळली, काहील उतरली, पाक जमिनीतल्या वाफ्यात निवायला ओतला. गूळ पडला. जरा तांबूस, पण करपट मुळीच नाही. मामा वाफ्याभोवती नाचला. मामीने सगळ्यांच्या हातावर उनउन गूळ ठेवला.

चाचांनी मात्र गुळाकडे पाहिलं नाही. त्यांनी झारा खांद्यावर टाकला आणि नदीची वाट धरली.

"चाचा! करपली न्हाई की!" मामा मागे धावला. आम्ही सगळे मागे. "कुटं करपली? खाऊन बगा!"

"करपली न्हाई," चाचा चालत चालत म्हणाले. "पन मी इसरलो. नाक हुतं, मीच न्हवतो. म्हंजे बिघडलीच म्हनायची. त्यो देवळालीचा पोरगा खरं बोलला."

ते पाण्याच्या काठाशी पोचले. झारा वर उचलला. मामाचे डोळे एखाद्याचं प्रेत बाहेर काढताना व्हावेत तसे झाले होते.

तेवढ्यात मागून तात्यांचा आवाज आला. बायकोने मनगट धरलेलं, तरी ओरडत होते, "चाचा! ती पोरगी अजून हौदात हाय!"

चाचांचा हात वरच राहिला.

"पानी चालूय," तात्या म्हणाले. "गळ्यापातुर आलतं. मानूस संकटात असताना कुनी उठून जातं का?"

मामाने ते उचलून धरलं. "दंडक हाय, चाचा! पोथी मिटायची न्हाई आन उठायचंबी न्हाई!"

चाचा खाली बसले, झारा प्रवरेत बुडवला, वाळूने घासून स्वच्छ धुतला आणि परत खांद्यावर टाकला. "चला," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आदी पोरीला काढा. मंग बघू झाऱ्याचं."

आम्ही परत आलो. सगळे आपापल्या जागी बसले. मी पुस्तक उघडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी निघाली, की चाचा निघाले! राहिलं होतं किती? एक पान.

मी ते पान हातात धरलं, ओढल्यासारखं केलं आणि तोंड वाकडं केलं. "चाचा, घोटाळा झाला. मामीने गूळ दिला, तो हात पुस्तकाला लागला. हे पान आणि शेवटचं पान चिकटली. ओढली तर फाटतील."

पानं खरोखर चिकटली होती, की मी त्यांच्यावर अंगठा दाबून धरला होता, ते इतक्या वर्षांनी मला नीट आठवत नाही. तात्या अगदी माझ्या कोपराशी बसले होते. त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि हळूच कानामागे हात नेला.

"मंग आता?" चाचांनी विचारलं.

"नगरहून दुसरी प्रत आणावी लागेल. पण लढाई आहे, कागद नाही. पुढच्या हंगामापर्यंत मिळाली तर मिळाली."

"तवर पोरगी हौदात?"

"तवर हौदात."

चाचा बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. मग उठून झारा मामाच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्यो छपराच्या आडमेढीला टांगून ठेवा. मला पुढल्या साली लागंल."

पुढच्या साली ऊस तोडायच्या आधी चाचा हजर. मला बघताच त्यांनी ना सलाम केला, ना खुशाली विचारली. "निघाली का?" एवढंच म्हणाले. दुसरी प्रत अजून मिळाली नव्हती. त्याच्या पुढच्या सालीही नव्हती. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, कागद मुबलक मिळायला लागला, तरी ती एक प्रत काही मिळेना. चाचांनी तोवर किती काहिली उतरवल्या असतील देव जाणे, एकही करपली नाही.

पोरगी, तुम्हाला म्हणून सांगतो, पुढच्याच ओळीत निघाली होती.